साक्षीदाराचा स्वर

क्रिकेटचे धावते वर्णन करणारा मनुष्य हा वस्तुतः साक्षीदार होय. वारासिवनीसारख्या गावी एके काळी सामना डोळ्यांना दिसत नसे. दूर मैदानावर बसलेल्या कोणी तो पाहावा, रेडिओवरून सांगावा आणि गावाने त्या शब्दावर विसंबून हर्ष वा खेद करावा, असा तो विश्वासाचा व्यवहार होता. अशा साक्षीस पात्र कोण?

इंदूरच्या चंद्रा नायडू यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या त्या कन्या. व्यवसायाने इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९७७ साली इंदूर येथे मुंबई व एम. सी. सी. यांच्या सामन्याचे समालोचन त्यांनी केले आणि भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्या ओळखल्या गेल्या. २०२१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या वडिलांचा जन्म नागपूरचा, आणि १९५६ पर्यंत आमच्या बालाघाट जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. तेव्हा हे घराणे आम्हांस परके नव्हे.

स्त्री समालोचनास बसली की प्रश्न येतो : ‘हिला खेळातले काय कळते?’ हा प्रश्न सर्वस्वी गैर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. न्यायालयातही प्रत्यक्षदर्शी निराळा आणि तज्ज्ञ निराळा. चेंडू कोठे गेला हे सांगण्यास सावध डोळे व प्रामाणिक वाणी पुरे. तो का वळला हे सांगण्यास जाणकारी हवी. परंतु ही कसोटी पुरुषासही तितकीच लावली पाहिजे. इंग्लंडचे जॉन आर्लट पूर्वी पोलीस खात्यात होते. प्रथम श्रेणीचा एकही सामना ते खेळले नव्हते. तरीही त्यांचे वर्णन श्रोत्यांनी शिरोधार्य मानले. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११८ व्या कलमाने साक्षीदारास प्रश्न समजतो काय व त्यास सुसंगत उत्तर देता येते काय, एवढेच पाहिले. तो पुरुष आहे की स्त्री, हे विचारले नाही. १ जुलै २०२४ रोजी नवा साक्ष अधिनियम अमलात आला. त्यानेही हेच तत्त्व राखले.

मग न्याय झाला असे म्हणावे काय? चंद्राबाईंच्या पाठीशी विद्या होती आणि थोर पित्याचे नावही होते. त्यात त्यांचे काही उणे नाही. परंतु ज्या मुलीपाशी असे नाव नाही, तिचे काय? पहिलीचा गौरव करणे समाजास सोपे जाते, कारण गौरवास अपवाद पुरतो. खरी परीक्षा पुढेच आहे. पुरुष समालोचक चुकला तर तो एकटा चुकतो. स्त्री चुकली की ‘बायकांना क्रिकेट कळत नाही’ असा निकाल साऱ्या जातीवर लागतो. एका साक्षीदाराची जबानी उलटतपासणीत कोसळली म्हणून सर्व पुरुषांची साक्ष कोणतेही न्यायालय अग्राह्य ठरवीत नाही.

म्हणून आमच्या मते, समतेची खूण असामान्य स्त्रीला मिळालेल्या मानात शोधू नये. एखाद्या सामान्य गावची सामान्य मुलगी समालोचनास बसावी, क्षेत्ररक्षकाचे नाव चुकावे, आणि श्रोत्याने ती चूक केवळ तिचीच समजून पुढचा चेंडू ऐकावा. इतके घडले, तरच चंद्राबाईंनी उघडलेले दार सर्वांसाठी उघडले, असे म्हणता येईल.