आजचं चिंतन : ओसरीवरचा कप

आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

अर्थ सोपा आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, या सगळ्यांत ज्ञानी एकच परमात्मा पाहतो. वाचताना मान डोलते. पण खरी परीक्षा पोथी मिटल्यावर असते.

आमच्या पेणच्या घरी ओसरीवर टवका उडालेला एक कप वेगळा असायचा. लाकडं फोडायला येणाऱ्या कातकरी काकांसाठी. आजीने त्यांना कधी उपाशी पाठवलं नाही, पण कप वेगळाच. घरात रोज गीता म्हटली जायची आणि तो कप मीच नेऊन द्यायचो. कुणालाच काही खटकलं नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं महाड आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नंतर गावातल्या सवर्णांनी तळ्यात पंचगव्याचे घडे ओतून, मंत्र म्हणून 'शुद्धी' केली. त्या मंत्र म्हणणाऱ्यांना हा श्लोक माहीत नसेल का?

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत काळ्या माणसांना बसमध्येही मागे बसवत. त्याविरुद्ध लढलेले मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी. पुढे एका प्रवचनात किंग यांनीच सांगितलंय, की आधी त्यांना धक्का बसला, रागही आला. मग आपल्या देशातले दोन कोटी काळे बांधव डोळ्यांपुढे आले आणि मनोमन त्यांनी कबूल केलं, हो, मी अस्पृश्यच आहे.

त्याच दौऱ्यात ते विनोबांना भेटले. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले, गीताई लिहिणारे विनोबा. हरिजनांना सोबत घेऊन देवघरच्या मंदिरात जाताना १९५३ मध्ये त्यांनी मार खाल्ला होता. श्लोक जगायचा म्हणजे असा.

मित्रांनो, आज ओसरी गेली, फ्लॅट आला. पण कामवाल्या ताईंचा कप कुठे ठेवलाय? त्यांनी कुठली लिफ्ट वापरायची?

आजचा संकल्प : वेगळा कप असेल तर तो आजच काढायचा. चहा आपल्याच कपातून द्यायचा, आणि सोबत बसून प्यायचा.

पांडुरंगा, श्लोक पाठ आहे. आता तो हातात उतरू दे.

राम कृष्ण हरी!