भिंत खोटें बोलूं शकते काय?

हा प्रश्न ऐकून वाचकांस हसूं येईल. परंतु राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दींत इंग्लंडांत त्यावर मोठा वाद माजला होता. जॉन रस्किन यांनीं १८४९ सालीं वास्तुकलेच्या सात दीपांविषयीं ग्रंथ लिहिला व त्यांत सत्य हा एक दीप गणिला. विटांवर गिलावा केला तर दोष नाहीं. पण त्या गिलाव्यावर सांधे कोरून तो दगड भासविला, किंवा लाकडावर संगमरवराच्या शिरा रंगविल्या, तर तें असत्यभाषण होय, असें त्यांचें म्हणणें. मातीच्या भिंतीस आपण चुना लावितों तेव्हां कोणी फसत नाहीं. म्हणून त्यांत पाप नाहीं. इतकें आम्हांस मान्य आहे.

हा प्रश्न त्याच काळीं कां उठला? पूर्वीं जवळपास जो दगड वा माती मिळे, तिचेंच बहुधा घर होई. पुढें आगगाडीनें वेल्समधील पाटीचा दगड दूरदूरच्या छपरांवर नेला. कांचेवरील कर १८४५ त व विटांवरील १८५० त उठला. आणि ओतीव लोखंड तर सांच्यांत घालावें तें रूप घेऊं लागलें. रस्किनांस लोखंडाचा संशय येई. त्यानें सांधण्याचें काम करावें, भार वाहूं नये, असें ते म्हणत.

येथें मात्र आमचा मतभेद आहे. लंडनचें सेंट पँक्रस स्टेशन पाहा. दर्शनीं १८७३ सालीं उघडलेलें, गिल्बर्ट स्कॉट यांचें तांबड्या विटांचें टोकदार कमानींचें हॉटेल. आणि त्यामागें १८६८ सालची लोखंडाची व कांचेची एकच कमान, सुमारें २४० फूट रुंद, मध्यें एकही खांब नाहीं. तिचे पाय फांकूं नयेत म्हणून रुळांखालील लोखंडी तुळया ते बांधून धरितात. (तळघरांतील खांबांचें अंतर बिअरच्या पिंपांच्या मापानें ठरविलें होतें, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो.)

उलट, १८४० सालीं बांधावयास घेतलेल्या पार्लमेंटगृहाचा दगड अस्सल होता. परंतु खाणींतून नीट पारखून घेतला नाहीं, आणि लंडनच्या धुरांत थोड्याच वर्षांत झडूं लागला. डोळ्यांस तो खरें सांगत होता. ज्यांनीं त्यावर भरंवसा ठेविला त्यांस मात्र त्यानें फसविलें. संशयित लोखंडानें आपला भार आजवर वाहिला आहे. २००७ सालापासून त्या कमानीखालून फ्रान्सकडील गाड्या सुटतात, आणि पिंपांच्या जागीं उतारू वावरतात.