बालकाचे भय आणि आपले सत्य

काल-परवापर्यंत आनंदाने शाळेत जाणारे मूल एखाद्या सकाळी एकाएकी दाराची चौकट धरून रडू लागते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना प्रथम राग येतो. 'हे लाडाचे खूळ आहे' असा निवाडा होतो. आणि मग धाक, आमिष अथवा थाप यांपैकी एक उपाय योजिला जातो. थाप हा त्यांतील सर्वांत निरुपद्रवी उपाय समजतात. वस्तुतः तो किती घातक आहे, हे मला स्वानुभवाने कळले.

माझी सहा वर्षांची पुतणी एके दिवशी शाळेत गेलेली असताना माझ्या आईच्या छातीत दुखू लागले व तिला इस्पितळात न्यावे लागले. मुलीने घरी येताच 'आजी कुठे?' असे विचारले. 'मावशीकडे गेली आहे,' असे मीच सांगितले. आठ दिवसांनी आई घरी आली. हाताला सुईच्या खुणा, उशाशी औषधे. मुलीने काहीच विचारले नाही. परंतु पुढील सोमवारपासून रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले. वैद्यकीय तपासणीत दोष आढळला नाही. रविवारी दुखणे नाहीसे होई. आम्ही शाळेतील बाईंना दोष देऊन मोकळे झालो.

एके सायंकाळी वाती वळताना माझ्या वडिलांनी तिला जवळ घेऊन विचारले, "बाळ, शाळेत कशाची भीती वाटते?" ती म्हणाली, "शाळेची नाही, आजोबा. मी शाळेत गेले की घरातले कोणीतरी जाते, आणि काका खोटे सांगतो."

त्या उत्तराने मी ओशाळलो. भय शाळेचे नव्हतेच. पाठीमागे सोडलेल्या घराचे होते, आणि त्याला खतपाणी घालणारा मीच होतो.

आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकतो, तेथे त्याचे रक्षणही करू शकतो. परंतु घरातील थापेस कोणता कायदा आवर घालणार?

कोणी विचारील, एवढ्याशा जीवाला इस्पितळातील सर्व प्रकार सांगावा काय? मुळीच नाही. सर्वच सत्य सांगणे आवश्यक नसते. मात्र जे सांगावयाचे ते सत्य असले पाहिजे. 'आजीला बरे नाही, डॉक्टर औषध देत आहेत, आम्ही तिच्याजवळ आहोत,' एवढे पुरले असते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अभयास प्रथम स्थान आहे, आणि लगेच पुढील श्लोकात सत्य आले आहे. हे सान्निध्य मला आता अर्थपूर्ण वाटते. ज्याचा शब्द खोटा ठरला, त्याने दिलेल्या अभयावर मूल कसे विसंबणार?

मी पुतणीची क्षमा मागितली. शाळा मात्र बंद ठेवली नाही. कारण घरी राहिल्याने भय तात्पुरते शमते, पण दुसऱ्या दिवशी अधिक वाढते. बाईंना सर्व सांगितले. त्यांच्या संमतीने पहिले काही दिवस ती मधल्या सुटीपर्यंतच बसे. तिची नजर चुकवून निघून जाणे आम्ही सोडले. थोडक्यात निरोप घ्यावयाचा, न्यावयास कोण येणार ते सांगावयाचे आणि सांगितल्याप्रमाणे तेथे हजर राहावयाचे. तीन आठवड्यांत पोटदुखी थांबली.

प्रत्येक मुलाचे कारण निराळे असते. कोणाला वर्गात चिडवतात, कोणाला मार बसतो, कोणाच्या घरी नवे भावंड आलेले असते. म्हणून रागावण्यापूर्वी शांतपणे विचारावे, उत्तर धीराने ऐकावे. भय न ओसरल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

देवापुढे उभे राहून आपण अभय मागतो. आपल्या घरातील बालके तेच आपणांपाशी मागत असतात. ते देताना आपली वाणी खरी असावी, एवढीच प्रार्थना.