वाटाड्याचा पूर्वार्ध

शेगावच्या रेल्वेस्थानकाबाहेर पडल्यावर, खांद्यावरची पिशवी सावरीत आणि चहूकडे एकवार दृष्टी फिरवीत, माझ्या पाहुण्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो इतका सरळ होता की त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते म्हणाले, "येथे पाहावयाचे काय?" गृहस्थ जर्मनीतील कोलोन शहराचे, निवृत्त शाळामास्तर आणि तेथे नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याचे शेजारी, दोन वर्षांपूर्वी मी पुतण्याकडे गेलो असता त्यांनीच आग्रहाने मला त्यांच्या नगराच्या जुन्या भागातील पायी फेरीस नेले होते, आणि आता त्या आतिथ्याची फेड करण्याची पाळी माझी होती. तेथे मी पाहणारा होतो, येथे दाखविणारा झालो. आणि या दोन भूमिकांच्या अदलाबदलीतून जो प्रश्न माझ्या मनात उभा राहिला तो प्रवासाचा नसून धर्माचा आहे, असे मला अद्यापि वाटते. प्रश्न असा की, दुसऱ्याने दाखविलेले पाहणे, हे पाहणे होय काय? आणि तीर्थाच्या ठिकाणी माणूस जे पाहावयास येतो ते कोणालाही दुसऱ्या कोणास दाखविता येते काय?

कोलोनच्या त्या फेरीचा तपशील माझ्या चांगला ध्यानात आहे. तेथेही रेल्वेस्थानकातून बाहेर पाऊल टाकताच समोर देवालयच उभे राहते, आणि तेही असे की मान मागे टाकल्यावाचून त्याचे टोक दिसत नाही. मिटलेली छत्री निशाणासारखी उंच धरून एक मध्यमवयीन बाई आमच्या पंधरा-वीस जणांच्या पुढे चालत होती आणि ठरलेल्या जागी थांबून ठरलेले सांगत होती: या कॅथेड्रलचा पाया १२४८ साली घातला गेला, बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन पूर्वदेशीय ज्ञात्यांच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी ११६४ मध्ये इटलीतील मिलानहून येथे आणल्या गेल्या होत्या व त्यांच्या दर्शनास लोटणाऱ्या यात्रेकरूंसाठीच एवढे विशाल मंदिर योजिले गेले, सोळाव्या शतकात काम थांबले ते १८४२ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही, आणि १५७ मीटर उंचीचे हे दोन मनोरे अखेर १८८० मध्ये पुरे झाले. १८८० हा आकडा कानी पडताच मी मनातल्या मनात वऱ्हाडात आलो, कारण त्याच्या दोनच वर्षे आधी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, आमच्या शेगावात गजानन महाराज प्रगट झाले असे परंपरा सांगते. एका गावात सहाशे वर्षांपूर्वी आरंभिलेल्या देवालयाचा कळस चढत असता दुसऱ्या गावात एक दिगंबर पुरुष रस्त्याच्या कडेला उष्ट्या पत्रावळीतील शिते वेचीत बसला होता, हा योगायोग त्या बाईच्या दप्तरात असण्याचे कारण नव्हते, आणि माझ्याखेरीज त्या घोळक्यात तो कोणालाच सुचला नसता.

परंतु हा एक क्षण सोडल्यास मला कबूल केले पाहिजे की त्या दोन तासांत मी बाईच्या जिभेने जेवढे दाखविले तेवढेच डोळ्यांनी पाहिले. तिने खिडकी म्हटले की खिडकी, तिने कमान म्हटले की कमान. जेथे ती बोलली नाही तेथे माझ्या लेखी भिंतच नव्हती. अशा रीतीने चालत आम्ही जुन्या नगरभवनापाशी आलो, आणि तेथे तिने प्रथमच छत्री खाली केली. फरसबंदीच्या दगडांत दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक पितळी पत्रा बसविलेला होता. गुंटर डेमनिग या शिल्पकाराने १६ डिसेंबर १९९२ रोजी तो येथे बसविला, कारण त्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १६ डिसेंबर १९४२ रोजी, रोमा व सिंती लोकांना हद्दपार करून छळछावणीत धाडण्याचा हुकूम निघाला होता आणि त्या हुकुमाचा मजकूर या पितळेवर कोरलेला आहे. पुढे हेच काम त्याने गावोगाव नेले. नाझी राजवटीने ज्यांचा छळ केला, ज्यांना ठार मारले, त्यांच्या अखेरच्या स्वेच्छेच्या घरासमोर त्यांचे नाव कोरलेला असाच चिमुकला दगड बसवावयाचा, हा शिरस्ता पडला, आणि आज युरोपातील अशा दगडांची संख्या एक लक्षावर गेली आहे. बाईने एवढे सांगितले आणि ती गप्प राहिली. अक्षरे लहान असल्यामुळे वाचणाऱ्याला वाकावे लागत होते; ज्या माना मघापासून आकाशाकडे होत्या त्या एकेक करून खाली आल्या. त्या फेरीत मी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिले असेल तर ते तेव्हा.

वाट दाखविणाऱ्याची ही संस्था अर्वाचीन पर्यटनाची निर्मिती आहे असे आपण समजतो, ते बरोबर नाही. रोम नगरीत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात 'मिराबिलिया' नावाची लॅटिन पोथी तयार झाली होती आणि तीत नगरातील आश्चर्यांची क्रमवार नोंद होती. आज युरोपातील जुन्या पेठांतून निघणाऱ्या पायी फेऱ्यांचे मूळ असे यात्रेकरूंच्या चालण्यात आहे. आपल्याकडे तर याहून सूक्ष्म दाखला उपलब्ध आहे. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, बसले, जेवले, निजले त्या त्या जागांचा तपशील असा दिलेला आहे की एखाद्या दक्ष कारकुनाने मौजेवार पाहणी करून लिहिला असावा: देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस स्वामींचे आसन झाले, कोठे विहरण झाले. शेगावच्याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही गावे स्वामींच्या लीळांत येतात, आणि त्या स्थानांना नमस्कार करीत हिंडणारा महानुभाव साधक ज्या निष्ठेने चालत असे तिच्यापुढे आपली सहल म्हणजे पायांचा व्यायाम ठरावा. मात्र एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. पर्यटकाची पोथी सांगते की ही वास्तू कोणी बांधली. स्थानपोथी सांगते की येथे कोण बसले होते. पहिलीचा विषय समोर आहे, दुसरीचा विषय निघून गेलेला आहे, आणि जे निघून गेले ते दाखवावयाचे कसे, हाच खरा पेच.

या पेचावर आपल्या वेदान्त्यांनी एक तोड काढून ठेवली आहे. शुद्ध द्वितीयेची बारीक चंद्रकोर दाखवावयाची असता जाणता मनुष्य म्हणतो, त्या फांदीच्या टोकावर पाहा. चंद्र फांदीवर नसतो, फांदीला चंद्राचा पत्ता नसतो, तथापि पाहणाऱ्याची नजर तेथून निसटून पुढे गेली की काम झाले. हाच शाखाचंद्रन्याय. तीर्थांच्या बाबतीत या न्यायाचे दोन विपर्यास नेहमी आढळतात. एक पक्ष फांदीलाच चंद्र समजून तिला हळदकुंकू वाहतो. दुसरा पक्ष, स्वतःस बुद्धिवादी म्हणविणारा, फांदीवर चंद्र नाही हे सिद्ध करून ती तोडून टाकतो आणि मग अंधारात बोट कोठे करावे हे त्याला कळत नाही. पहिला म्हणतो, पावित्र्य जागेत आहे. दुसरा म्हणतो, पावित्र्य केवळ मनात आहे, मग शेगाव काय आणि दुसरे कोणते गाव काय, सारखेच. मला या दोन्ही कैफियतींत काही तरी राहून गेलेले दिसते, आणि ते काय हे मला शेगावच्या गल्ल्यांतून पाहुण्यांबरोबर चालत असताना, म्हणजे अगदी वाटाड्याचे काम करीत असताना, उमगू लागले.

मी त्यांना प्रथम प्रगटस्थळी नेले. तेथे उभे राहून मी जी कथा सांगितली ती आमच्याकडील शेंबड्या पोरासही पाठ असते, कारण दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय ज्या घरात वाचले जात नाहीत असे घर या पट्ट्यात विरळा. देविदास पातुरकरांच्या मठात जेवणावळ झाली होती, पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि एक तरुण पुरुष त्यांतील भाताची शिते वेचून तोंडात टाकीत होता. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुळकर्णी तेथून चालले असता बंकटलालांची नजर त्यावर खिळली. त्यांना वाटले, हा भुकेलाच असता तर आत जाऊन मागता, देविदासांनी काही नाही म्हटले नसते. त्यांनी ताजे अन्न वाढवून आणले, ते त्या पुरुषाने गोड-तिखट एकत्र कालवून खाल्ले. दामोदरपंत पाणी आणावयास गेले तो इकडे त्याने गुरांसाठी ठेवलेले पाणी पिऊन घेतले आणि तो निघून गेला. पाहुण्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले की त्या रस्त्याने त्या दिवशी आणखी माणसे गेली असतील, त्यांना हे दिसले नसेल काय? मी म्हणालो, दिसले असेल. परंतु पाहिले एकाने.

तेथून आम्ही जुन्या शिवमंदिराकडे वळलो आणि मी कथेचा पुढचा भाग सांगितला, जो माझ्या मते या गावाच्या सर्व तत्त्वज्ञानाचे सार आहे. बंकटलाल त्या पुरुषाच्या शोधात कासावीस झाले असता या मंदिरात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन लागले. बुवांनी भागवतातील एका श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला, तोच बाहेर बसलेल्या कोणी त्याचा उत्तरार्ध म्हटला, आणि बुवा थक्क होऊन त्या दिशेस पाहू लागले. सभामंडपात टाळमृदंगासह बसलेल्यांपैकी कोणी तो पूर्ण केला नाही. ज्याला कोणी आत बोलाविले नव्हते त्याने केला.

हे सांगत असता माझ्या मनातला गुंता सुटला. तीर्थ म्हणजे पूर्वार्ध होय. जागा अर्धेच बोलते. वाटाडा, पुजारी, पोथी आणि परंपरा यांना त्या अर्ध्याचीच वहिवाट असते, आणि उरलेले अर्धे येणाऱ्याने भरावयाचे असते, तेही जिभेने नव्हे तर वर्तनाने. पावित्र्य केवळ जागेत असते तर त्या रस्त्यावरील प्रत्येक वाटसरू बंकटलाल झाला असता. केवळ मनात असते तर जागा कोणतीही चालली असती. परंतु कोणत्याही पूर्वार्धाला कोणताही उत्तरार्ध जोडता येत नाही; वृत्त जमावे लागते, अर्थ पुरा व्हावा लागतो. कोलोनच्या पितळी पत्र्याचा पूर्वार्ध पुसून टाकलेल्या माणसाविषयी आहे, म्हणून त्याचा उत्तरार्ध वाकून नाव वाचणे, आणि पुढे कोणाचे नाव पुसले जात असता गप्प न बसणे, हा आहे. शेगावचा पूर्वार्ध टाकून दिलेल्या शितांविषयी आहे. ज्या गावाच्या कथेचा आरंभ उष्ट्यापासून होतो त्या गावात येऊन मनोऱ्याची उंची विचारणे हा वृत्तभंग आहे.

समाधिमंदिरात आम्ही रांगेने गेलो. वर रामाचे मंदिर आणि खाली, पायऱ्या उतरून, समाधी. १९१० साली ऋषिपंचमीस, ८ सप्टेंबर रोजी, महाराजांनी देह ठेवला तेव्हापासून त्या पायऱ्या माणसे उतरत आली आहेत, आणि देवाच्या दर्शनास चढण्याऐवजी उतरावे लागते ही गोष्ट पाहुण्यांच्या नजरेतून सुटली नाही. पांढऱ्या वेषातील सेवाधारी, जे वेतनाची अपेक्षा न ठेवता पाळीपाळीने येऊन सेवा करतात, प्रत्येकाला "माउली, पुढे चला" म्हणून हात जोडीत होते. पाहुण्यांनी मला विचारले, हे तुम्हाला ओळखतात काय? मी सांगितले की येथे येणारा प्रत्येक जण माउलीच असतो. त्यावर त्यांनी ती तीन अक्षरे सावकाश उच्चारून पाहिली आणि पुढच्या सेवाधाऱ्याला हात जोडून तेच म्हटले. त्या तरुणाला हसू आवरेना, परंतु त्याचेही हात जोडलेलेच राहिले.

महाप्रसादास आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला भूक बेताचीच होती आणि बोलण्याचा उत्साह मात्र दांडगा. संस्थानाची स्थापना १९०८ ची, येथील बंदोबस्त कसा, अन्नदान कसे चालते, हे सर्व मी सांगत राहिलो, आणि सांगता सांगता माझे जेवण संपले असे समजून उठू लागलो. पाहुणे उठले नाहीत. त्यांचे ताट धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि ते माझ्या ताटाकडे पाहत होते. ताटाच्या कडेला वरणभाताचे दोन घास तसेच राहिले होते. अत्यंत संकोचाने, आपल्याकडून काही मर्यादेचा भंग तर होत नाही ना अशा स्वरात, त्यांनी विचारले, "हे बाहेर टाकतात काय?"

मी पुन्हा खाली बसलो. दोन तासांपूर्वी प्रगटस्थळी उभे राहून शितांची कथा सांगणारा मी, आणि ती प्रथमच ऐकणारे ते. पूर्वार्ध माझा होता आणि पाठ होता. भात एव्हाना गार झाला होता. मी तो कालवून शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि तेवढा वेळ, त्या दिवसात पहिल्यानेच, मी काही सांगत नव्हतो.