फुकटाचं देणं

फुकट या शब्दाशी आपलं नातं मोठं गमतीचं आहे. लग्नातली बासुंदी आपण तीनदा मागून घेऊ. पण भाजीवालीनं न मागता कोथिंबिरीची जुडी हातात ठेवली, की ती कुठं सडलीय का, ते आधी पाहू!

लिनक्सचं नशीब त्या जुडीसारखं. लिनक्स म्हणजे संगणकाचा घरकारभार पाहणारी प्रणाली. असा कारभार सर्वांना उघडून वाचता यावा, बदलता यावा, म्हणून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याला गाभा मिळाला तो १९९१ साली, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याकडून.

आमच्या वसईतल्या एका सद्गृहस्थांना मी हे सांगितलं. "फुकट? मग नक्की खोट असणार!" असं ते म्हणाले, ते हातातल्या अँड्रॉइड फोनवर बोट फिरवीत. त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा! २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूणएक लिनक्सवर चालतो. २०२० साली त्या यादीत ६३वा आलेला पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी'ही त्यातलाच.

पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. आमच्याकडची बावखलं पाहा. वाड्यांना पाणी देणारी, विहिरी जिवंत ठेवणारी ही तळी. पाण्याचं बिल कधी आलं नाही, म्हणून गाळ आपोआप निघत नव्हता. पुढं नळ आले, बावखलं अडगळ वाटू लागली आणि कित्येक बुजली.

लिनक्सचंही २०२४ साली असंच होता होता राहिलं. एक्सझेड नावाचं त्यातलं एक बारकं अवजार वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला, तेव्हा मदतीच्या मिषानं कुणी आला, विश्वास कमावला आणि त्यानं आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंडला, कारण एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा झालं. अर्धा सेकंद! आम्ही विरारची माणसं अर्ध्या तासालाही उशीर म्हणत नाही. आणि हा फ्रॉइंड नोकरीला कुठं? मायक्रोसॉफ्टमध्ये!

म्हणजे खोट फुकटात नव्हती. पाणी सगळ्यांनी भरायचं आणि गाळ एकट्यानं उपसायचा, या हिशेबात होती.

विकत घेतलेल्या वस्तूचं देणं दुकानातच फिटतं. फुकट मिळालेल्याचं मात्र अंगावर राहतं. ते पैशानंच फेडावं असं नाही. चूक दिसली तर कळवावी, चार शब्द मराठीत आणून द्यावेत. निदान जुडी उलटीपालटी करण्याआधी भाजीवालीला "बरं वाटलं हो" म्हणावं. तेवढं तरी फुकट आहे!