थेंबाच्या आतला प्रवास

वालावलहून कर्लीच्या काठाने समुद्राकडे उतरत गेलं की किनारपट्टीवर उंडीची झाडं भेटतात. रॉकेल घरोघरी पोचण्यापूर्वी कोकणात या झाडाच्या बियांचं कडू, हिरवट तेल दिव्यात जळायचं. वात ओली राहिली की दिवा तडतडायचा. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि भोवतीचं तेल त्याहून कितीतरी तापलेलं असतं. अडकलेल्या पाण्याची वाफ तेल फोडून बाहेर पडते. इंजिनातल्या इंधनाचा थेंब समजून घेताना शास्त्रज्ञ बऱ्याच वळणांनी याच तडतडीपाशी येऊन पोचले.

सुरुवात साध्या, शुद्ध पदार्थापासून झाली. 1918 साली अर्विंग लँगम्युअरने आयोडिनच्या बारीक गोळ्यांच्या बाष्पीभवनाचा हिशेब मांडला. गोळी झिजण्याचा वेग तिच्या पृष्ठभागावर अवलंबून असेल असं कुणालाही वाटेल. तो निघाला व्यासाच्या प्रमाणात. म्हणजे व्यासाचा वर्ग ठरलेल्या गतीने कमी होतो, आणि दुप्पट व्यासाच्या थेंबाला संपायला चौपट वेळ लागतो. 1953 मध्ये गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी हाच नियम जळत्या थेंबाला लावून दाखवला. तापलेली हवा वर चढते म्हणून ज्योत लांबुडकी होते आणि हिशेब बिघडतो. त्यावर जपानमध्ये कुमागाईंनी 1957 साली थेंबासकट सगळं उपकरणच खाली सोडून दिलं. त्या मोकळ्या पडण्यात ज्योत गोल झाली. इतका देखणा उपाय मला या विषयात दुसरा आढळला नाही.

पण डिझेल म्हणजे एक द्रव नव्हे. त्यात शेकडो हायड्रोकार्बन असतात. काही पावणेदोनशे अंशांच्या आसपास उकळतात, काहींना साडेतीनशे लागतात. मग पहिला विचार दारू गाळण्याच्या भट्टीसारखा झाला: हलका भाग आधी उडेल, जड मागाहून. हे पटण्यासारखं होतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. थेंब आतून सतत ढवळला जातो, असं.

ढवळतं कोण? 1970च्या दशकात सी. के. लॉ यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, आणि माझ्या मते विषयाला खरी कलाटणी इथेच मिळाली. द्रवात उष्णता ज्या वेगाने आत शिरते, त्याच्या मानाने रेणूंची हालचाल दहापट किंवा त्याहूनही मंद असते. पृष्ठभागावरचा हलका भाग उडून जातो, तिथे जड भागाचा थर उरतो, आणि आतल्या हलक्या भागाला बाहेरची वाट सापडत नाही. पृष्ठभागाचं तापमान आता जड भाग ठरवतो. ती उष्णता आत पोचते, हलका भाग आपल्या उत्कलनबिंदूच्या वर तापत जातो आणि एका क्षणी थेंब आतून फुटतो. पाणी मिसळलेल्या इंधनाचे थेंब असे फुटताना सोव्हिएत संशोधकांनी त्याआधीच पाहिले होते. फुटणं इथे फायद्याचं असतं, कारण अर्ध्या व्यासाचा तुकडा चौथाई वेळात जळून जातो. इंजिनातल्या जोरदार हवेत मात्र थेंबाच्या आतही भोवरे फिरतात. म्हणून प्रत्यक्षातला थेंब पूर्ण ढवळलेला नसतो आणि पूर्ण निश्चलही नसतो.

मिश्रणाचा स्वभाव घटकांच्या नुसत्या बेरजेतून कळत नाही. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल घातलं की बाष्पदाब घटण्याऐवजी वाढतो. उलट त्या इथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आज आपल्या पंपावर मिळतं, तेव्हा ही गोष्ट आता प्रयोगशाळेपुरती उरलेली नाही.

उंडीच्या तेलाचं बायोडिझेल करता येतं. ते डिझेलमध्ये मिसळून मालवणच्या ट्रॉलरमध्ये घातलं, तर प्रत्येक थेंबातून डिझेलचा हलका भाग आधी निघून जाईल आणि उंडीच्या बायोडिझेलमधले जड एस्टर बहुतांशी शेवटपर्यंत मागे राहतील. ते एस्टर वेळेत जळाले तर उत्तम, कारण त्यांच्यातला ऑक्सिजन काजळी कमी करायला मदत करतो. वेळेत जळाले नाहीत तर ते सिलिंडरच्या भिंतीला चिकटून खाली वंगणाच्या तेलात उतरतात. म्हणून किनाऱ्यावर उंडी लावण्याच्या योजना आखताना मिश्रणात किती टक्के तेल घालायचं एवढंच विचारून भागणार नाही. फवारा किती बारीक होतो आणि थेंबातला शेवटचा जड भाग कधी जळतो, हेही मोजायला हवं.