पिशवीत काय आहे?

कॅमेरा घेणे सोपे आहे. तो घेऊन हिंडायचे कशातून, हे ठरवणे कठीण. फुले आणि पाखरे टिपायचा नाद चाळिशीनंतर लागला, म्हणून मी बॅगेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन नग मांडले.

पहिली एका खांद्याला अडकवायची. चटकन उघडते, पण दोन तासांत माणूस एका अंगाला कलतो. दुसरी पाठीवरची. वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटले जाते. पण कॅमेरा काढायचा तर बॅग उतरवा, खाली ठेवा, चेन उघडा. तोवर पाखरू उडालेले. तिसरीची चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूला. “मागं उभा राहील त्याला उघडताच येणार नाही साहेब,” दुकानदार म्हणाला. म्हणजे मागे उभा राहील तो चोर, हे धरूनच ती शिवलेली!

तिघींत एक दोष समान होता: किंमत. मी घरी परतलो. सौभाग्यवतीने भाजीची पिशवी पुढे केली. “यात कॅमेरा असेल असं ब्रह्मदेवालाही वाटायचं नाही.”

पटले. कॅमेरा पंचात गुंडाळला, लेन्स जुन्या मोज्यांत घातल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोणच्यासारखीच लेन्सलाही बुरशी धरते, म्हणून बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्याही टाकल्या. वर कोथिंबिरीची जुडी. आणि रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एस.टी. पकडली.

शेजारी एक आजी बसल्या.

“काय हाय रं पिशवीत?”

“भाकरी,” मी म्हणालो. कोथिंबीर असूनही भाकरीच का सुचली, देव जाणे.

कळे जवळ आले तशी आजींनी गाठोडे सोडले. “काढ तुजीबी. मिळून खाऊ.”

“भूक नाही, आजी.”

“मग एवढं पोटाशी कशाला धरलंयास?”

उत्तर नव्हते. त्यांनी स्वतःची भाकरी अर्धी मोडली, वर खर्डा घातला आणि माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आले. ते खर्ड्याने आले, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो.

त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही. आजींसमोर पिशवी उघडायची कशी?

खरे तर मी बँकेतला माणूस. अविश्वास हा आमचा धंदा आहे. लॉकर उघडायचा तर खातेदाराची एक किल्ली आणि बँकेची एक. एकट्यादुकट्याचे काम नाही. पण कुणाला अपमान वाटत नाही, कारण नियम सर्वांना सारखा आणि कुलूप दर्शनी. कुलूप एवढेच सांगते की वस्तू माझी आहे. मी आजींना सांगितले ते निराळे होते: तुमचा भरवसा नाही. शिवाय आजींनी काही चोरले नाही. त्यांच्या अर्ध्या भाकरीवर डल्ला मारला तो मीच.

संध्याकाळी खरी कॉर्नरवरून परतलो. तिथे कॅमेरा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःच्या हिकमतीने कॅमेरा बनवला आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, त्याची ही आठवण. गावाने आपला अभिमान उन्हापावसात, भर चौकात उभा केलाय. त्याला ना बॅग, ना कोथिंबीर. माझ्या बोटभर यंत्राचा मात्र केवढा बंदोबस्त!

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून दुसरी, पाठीवरची बॅग आणली. कुणीही पाहून ओळखावे, यात कॅमेरा आहे.

पुढच्या खेपेला त्याच एस.टी.त शेजारी एक तरुण होता. माझी बॅग मांडीवर.

“काय आहे हो त्यात?”

छाती धडधडली, पण म्हणालो, “कॅमेरा.”

“मग काढा की आमचा एक!”

मी बॅग खाली ठेवली, पट्टा सोडला, चेन उघडली, कप्प्यातली गादी सरकवली, लेन्स चढवली. तेवढ्यात कळे आले आणि गडी उतरला. खिडकीखालून त्याने हसत दोन्ही हात हलवले. मीही हलवला, एकच. दुसरा बॅगेची चेन लावण्यात गुंतला होता.